बॉनेट गरम असेल तर उद्या या

वापरलेली छोटी गाडी घेणाऱ्या नवख्या माणसासाठी काही लिहून द्या, असं संपादकांचं पत्र आलं, ते दोन दिवस टेबलावर तसंच पडून होतं. पत्र मनोहरांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या नावावर होतं. ते पौषात गेले, हे संपादकांच्या कानावर गेलेलं नसावं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, मनोहर असते तरी त्यांनी लेख लिहिला नसताच. संपादकांनाच दुकानात बोलावून, चहा पाजून, ते दोन तास बोलले असते आणि जाताना त्यांच्या गळ्यात एखादी गाडी मारली असती. मी बोलणारी नाही. लिहायलाही मला वेळ लागतो, पण लिहिता येतं. तेव्हा हे मीच लिहिते आहे.

नाशिकला मुंबई नाक्याजवळ आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याची शेड आणि शेडखाली कधी चार, कधी सहा जुन्या गाड्या. मनोहर आधी सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायची. नव्वद सालानंतर लोकांच्या हातात गाडी घेण्याची ऐपत यायला लागली आणि मनोहरांनी नोकरी सोडली. "तू पुस्तकं ओळखतेस, मी इंजिनं ओळखतो. चल, दोघं मिळून गाड्या ओळखू," असं म्हणून त्यांनी मलाही ओढलं. 'हॅचबॅक' हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे. 'छोटी गाडी' म्हणत, नाहीतर 'मागचं दार वर उघडतं ती'. खेड्यातून आलेला माणूस गाडीला एक फेरी मारून हमखास विचारायचा, "अन् डिकी कुठाय?"

गाडी बघायला गेलं की मनोहर मालकाला नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तशी. बॉनेट गरम लागलं तर हसून म्हणत, "उद्या येतो." मालक म्हणे, "अहो, आत्ताच भाजी आणायला गेलो होतो." मनोहर म्हणत, "मग उद्या भाजी नका आणू."

यातलं इंगित साधं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करताना तिची सगळी दुखणी बाहेर येतात. स्टार्टर किती वेळ कुरकुरतो, पहिल्या मिनिटात इंजिनातून खडखड येते का, मागून धूर कसला येतो, हे सगळं तेव्हा कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितं आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल, तर पाणी नको तिथे शिरतं आहे. गाडी एकदा तापली की पुष्कळशा तक्रारी गप्प होतात. म्हणून लबाड विक्रेता गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून आणतो. आणि गाडी उन्हातच उभी असेल तर? मीही हे विचारलं होतं. तर बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपाला हात लावायचा. ऊन तिथपर्यंत पोचत नाही.

कागद माझ्याकडे. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे मी पातळ कागद त्यावर धरून पेन्सिल घासून बघत असे. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तसं. मग अंक एकेक करून उमटायचे आणि मला दर वेळी तेवढाच आनंद व्हायचा. मनोहर म्हणत, "झालं का तुझं चित्र काढून?" गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद आरसी बुकात हवी, बँकेतल्या साहेबाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. मीटरवरचे किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर रबरावर विश्वास ठेवावा. पत्र्याला पडलेला खड्डा बुजवायला जो लेप भरतात त्याला आमच्याकडे लांबी म्हणतात. जिथे लांबी भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. चुंबक रुमालात गुंडाळून फिरवावं, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही आणि मालकाच्या मनावरही. आणि दुसरी चावी आठवणीने मागावी. न मागता दुसरी चावी काढून देणारा मालक मी उभ्या आयुष्यात दोन-तीनच पाहिले.

हे सगळं पाळूनही माणसं गाडी घेतात ती वेगळ्याच कारणाने. एकलहऱ्याला वीज केंद्रात इंजिनिअर असलेले एक साहेब ऐंशी प्रश्न लिहिलेली वही घेऊन आले होते. तीन रविवार ते एकाच गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून झोपत आणि वहीत खुणा करत. तिसऱ्या रविवारी त्यांच्या बाई आल्या. आत बसल्या, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. म्हणाल्या, "ह्या दारात माझा पदर अडकत नाही. हीच घ्या." साहेबांनी वही मिटली. नामपूरकडचे एक कांदा पिकवणारे दादा तर नुसता हॉर्न वाजवून बघत हिंडत होते. चौथ्या गाडीचा हॉर्न त्यांना पटला. "आवाज भारी शे!" म्हणाले आणि विषय संपला. मनोहरांनी त्यांना हातापाया पडून टायर तरी बघायला लावले.

आता मुख्य गोष्ट सांगते. तीत माझी चूक आहे, म्हणून इतका वेळ इकडेतिकडे रेंगाळले.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एप्रिलमध्ये यशोदा गावित नावाची नर्स दुकानात आली. पेठ तालुक्यातली, डोंगरातल्या भात-नागली पिकवणाऱ्या घरातली. नाशिकला एका दवाखान्यात अकरा वर्षं काम करत होती आणि अकरा वर्षं आपल्या गावच्या उपकेंद्रात बदली मागत होती. ती बदली आता मिळाली होती. पण जूनच्या आत रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. जायला ती एका पायावर तयार होती, पण गाडी असल्याशिवाय जायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"पावसाळ्यात आमच्याकडे भाड्याची जीप येत नाय, वहिनी," ती म्हणाली. "बाळंतपणाची बाई अडली तर झोळीत घालून घाट पार करतात. मी तिथं जाऊन नुसतं झोळीबरोबर चालू का? माझ्या मोठ्या बहिणीबरोबर तशीच चालले होते मी, शाळेत असताना."

बहिणीचं पुढे काय झालं हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मनोहरांनी एवढंच विचारलं, "गाडी येते चालवता?"

"क्लास लावला होता. लायसन आहे."

"घाट?"

"घाट नाय चालवला अजून."

तिच्या मागण्या दोनच होत्या. गावच्या वाटेवरचा सावळघाट गाडी भरलेली चढली पाहिजे आणि मागच्या सीटवर बाईला आडवं होता आलं पाहिजे. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही तिला पाच गाड्या दाखवल्या. दोन गरम बॉनेटने गेल्या, एकीच्या पत्र्यावर चुंबक कुठेच टिकेना, एकीचा बोजा उतरलेला नव्हता, एक तेल पीत होती. मे उजाडला.

मग लासलगावहून आप्पा आले. कांद्याच्या बाजारात आडत केलेले, आता सगळं मुलांवर सोपवलेले, पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल. आठशे सीसीची पांढरी गाडी, पाच वर्षांची, एकच मालक. आदल्या दिवशीच आणून शेडमध्ये लावली होती. सकाळी यशोदाही आली. मनोहरांनी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. ते खूश होऊन चावी मागणार, एवढ्यात मी सर्व्हिस बुक उघडलं.

गाडीची प्रत्येक सर्व्हिस झाली की गॅरेजवाला त्या पुस्तकात तारीख आणि किलोमीटर लिहून देतो. आप्पांच्या पुस्तकात नऊ नोंदी होत्या आणि नऊच्या नऊ एकाच निळ्या शाईत, एकाच हातच्या, एकाच तिरकसपणाच्या. शिक्का एकावरही नाही. वाचनालयात अकरा वर्षं मी हस्ताक्षरं पाहिली होती. पाच वर्षांत माणसाचं पेन बदलतं, हात बदलतो, घाई बदलते. मला खात्रीच पटली. आणि एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी मी, सगळ्यांसमोर म्हणाले, "हे एका बैठकीत लिहिलंय. पुस्तक खोटं आहे."

आप्पांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. टॉवेलने पुसलं.

"बाई, तुम्ही लय शिकलेल्या दिसता," ते म्हणाले. "मी सातवी. पण खोटं लिवायचं मला कुणी शिकवलं नाय."

ते गाडीत बसले आणि निघून गेले. इंजिन एका झटक्यात, लहान मुलाने झोपेतून हसून उठावं तसं सुरू झालं. मनोहर त्या आवाजामागे बघत राहिले. यशोदा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुपारी जेवताना मनोहर म्हणाले, "गाडी थंड होती. मी ऐकणार होतो. तू वाचत बसलीस."

"पण अक्षर एकच होतं."

"असेल. अक्षराने घाट चढत नाहीत."

दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुस्तकातलं निफाडच्या गॅरेजचं नाव मी टिपून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिथे फोन लावला. गॅरेजवाल्याने रजिस्टर काढून एकेक सर्व्हिस वाचून दाखवली. नऊच्या नऊ जुळल्या, तारखेने आणि किलोमीटरनेही.

"आप्पांचं आधीचं पुस्तक चाळीत भिजलं हो," तो म्हणाला. "कांदा साठवतात त्या चाळीत. मग आले हिथं, आमचं रजिस्टर मागून घेतलं, चष्मा लावून अख्खी दुपार बसून उतरवून काढलं. शिक्का मारायचा आमच्याकडूनच राहिला. का हो, काय झालं?"

मी काहीच झालं नाही म्हणाले. फोन ठेवून मनोहरांना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते पोट धरून हसले. "म्हणजे तो माणूस तुझ्याच जातीचा निघाला! भिजलेलं पुस्तक पुन्हा लिहून काढणारा!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही लासलगावला गेलो. बाजारातून ट्रॅक्टरांच्या रांगा, लिलावाचा गलका, सगळ्या हवेत कांद्याचा दर्प. आप्पा घराच्या ओट्यावर बसले होते. गाडी समोर, धुऊन पुसून.

मी उभ्यानेच म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं. मी निफाडला विचारलं."

"मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं," आप्पा म्हणाले. "बसा. चहा घ्या. पण गाडी आता मला विकायची नाय."

मनोहर काही बोलणार होते, मी त्यांना हाताने थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गिऱ्हाइकाची बाजू मांडली. यशोदाबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. उपकेंद्र, जून, झोळी. बहिणीचंही सांगितलं. आप्पा चहा बशीत ओतून गार करत ऐकत होते.

"घाट चालवलाय का पोरीनं?"

"नाही."

"मग गाडी दरीत घालायला द्यू का तिला?" त्यांनी बशी खाली ठेवली. "असं करा. मी येतो. मी शेजारी बसीन. पोरीनं घाट काढला तर गाडी तिची. नाय काढला तर गाडी माझ्या दारात परत, अन् मग पुन्हा इकडं यायचं नाय."

विकणाऱ्याने घेणाऱ्याची परीक्षा घ्यायची, असं आमच्या धंद्यात तोवर मी पाहिलं नव्हतं. मनोहर मात्र रंगात आले. त्यांचाही एक नियम होता. ट्रायल कधी मोकळ्या गाडीने घ्यायची नाही. रोज जेवढं ओझं न्यायचं असेल, तेवढं भरूनच गाडी चालवून बघायची. चार माणसांच्या घराने चारही माणसं आणावीत, दूधवाल्याने कॅन आणावेत. मोकळी गाडी कुठलीही पळते.

रविवारी सकाळी आम्ही घाटाच्या पायथ्याशी जमलो. यशोदा, तिची आई, आप्पा आणि आम्ही दोघं. यशोदाने घरून उशी आणली होती.

"ही कशाला?" आप्पांनी विचारलं.

"मागं बाई झोपणार ना. आडवं होता येतं का ते बघायचंय."

"अन् झोपणार कोण?"

यशोदाची आई गुडघ्यांमुळे वाकू शकत नव्हती. मनोहर आडवे झाले असते तर मागची दोन्ही दारं लागली नसती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ह्याच झोपतील," आप्पा म्हणाले. "पण झोपून वाचायचं काय नाय, आधीच सांगतो."

मी त्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून, पाय दुमडून झोपले. जागा पुरली. बाहेरून मनोहर खिडकीत डोकावून म्हणाले, "जरा कण्ह तरी. त्याशिवाय कसं वाटणार?" गाडीत चौघांचं वजन झालं होतं, तेवढं पुरे म्हणून ते चहाच्या टपरीवर थांबणार होते. "मी खालून ऐकतो," म्हणाले.

झोपलेल्या माणसाला घाट दिसत नाही. मला दिसत होतं ते खिडकीतलं आभाळ, मध्येच कड्याचा तुकडा, आणि आरशात यशोदाचं कपाळ. पहिलं वळण तिने बरं घेतलं. दुसऱ्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक आला आणि तिला चढावरच थांबावं लागलं. ट्रक गेला. तिने गाडी पुढे काढली, इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं. गाडी मागे सरकली. फार नाही, हातभर असेल. पण पाठीखालून सरकणारी जमीन मला अजून आठवते. यशोदाची आई माझ्या कपाळावर हात दाबून कुठल्यातरी देवाचं नाव घेत होती.

आप्पा काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

यशोदाने ब्रेक दाबून गाडी धरली. हँडब्रेक ओढला. मग ती मोठ्याने, पण स्वतःशीच म्हणाली, "आता घाई नाय करायची. श्वास घ्यायचा. आता हळूहळू." तो सूर मी ओळखला. बाळंतीण अडली की नर्स तिला सांगते तोच सूर. फक्त या वेळी ती इंजिनाला सांगत होती. तिने रेस दिली, क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली, तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी वर निघाली. माझ्या तोंडून खरंच कण्हल्यासारखा आवाज आला आणि तिची आई खुदकन हसली.

वर पोचल्यावर आप्पा म्हणाले, "थांबव."

यशोदाने गाडी कडेला घेतली. आप्पा उतरले, टोपी सारखी केली, दरीकडे बघत उभे राहिले. मग ते खिडकीशी आले आणि सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून यशोदाच्या हातावर ठेवलं.

"दुसरी चावी," ते म्हणाले. "सकाळीच आणली व्हती. मी बघत व्हतो तू बंद पडल्यावर काय करती ते. गाडी समद्यांचीच बंद पडती."

खाली आलो तेव्हा मनोहर टपरीपुढे उभे होते. "दुसऱ्या वळणावर बंद पडली होती ना? ऐकलं मी," असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, तेल बघितलं. "सगळं जागच्या जागी आहे," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाळ-बाळंतीण?" आप्पा इतके हसले की त्यांची टोपी चहात पडायची राहिली. यशोदा मेच्या अखेरीस रुजू झाली.

आप्पांनी मला क्षमा केली, हे मला ठाऊक आहे. दर वर्षी ते कांद्याची एक पिशवी पाठवत आणि पिशवीला चिठ्ठी असे, 'चाळीत न भिजलेले.' पण चार माणसांत मी त्या माणसाला खोटं म्हटलं, ते माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही. नवख्या गिऱ्हाइकाला मला सांगायचं असेल तर हेच. कागद तपासा, कसून तपासा, पण शंका आली की आधी विचारा.

मनोहर गेल्यावर तेराव्यानंतर एका दुपारी दारात तीच पांढरी गाडी थांबली. नऊ वर्षांत जरा पिवळटली होती. यशोदा माझ्याजवळ बसली, रडली, मग पर्समधून सर्व्हिस बुक काढून माझ्या हातात दिलं. मी उघडलं. आप्पांच्या नऊ निळ्या नोंदी, आणि त्यांच्यापुढे काळ्या, लाल, हिरव्या शाईत, कुठे पेन्सिलने, एका ठिकाणी हळदीच्या बोटाचा डाग. तेल बदललं. मुलगी, पाडा वरचा. टायर. मुलगा. मुलगी. क्लच केबल. जुळे, गाडीतच, तिसरं वळण. किलोमीटर प्रत्येकापुढे लिहिलेले. पानं संपली होती म्हणून तिने मागे वहीचे कागद शिवले होते. मी सगळं वाचलं, दोनदा. पौषानंतर त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं. जुळ्यांपाशी आले तेव्हा ते थांबेना.

"नाना म्हणाले होते, वहिनींना पुस्तक दाखवत जा," ती म्हणाली. मनोहरांना ती नाना म्हणायची.

आम्ही बाहेर आलो. संध्याकाळ उतरायला आली होती आणि तिला परत घाट चढायचा होता. चालताचालता माझा हात आपोआप पुढे गेला आणि बॉनेटवर टेकला. हाताची मागची बाजू.

"गरम आहे," मी म्हणाले.

यशोदा हसली. डोळे पुसत म्हणाली, "नाना असते तर म्हणाले असते, उद्या या."

"मग आज राहा," मी म्हणाले. "उद्या सकाळी गार झाली की बघू."